वाचकांचे प्रश्न : कॅरिब्डिस बुडवणारा कोहलाउफ

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील इंग्लिश खाडीच्या लढायांविषयी वाचताना एक उल्लेख आढळला. ऑक्टोबर 1943 मध्ये जर्मन टॉर्पेडोबोटींनी एका रात्रीत ‘कॅरिब्डिस’ ही ब्रिटिश क्रूझर आणि तिच्यासोबतची एक विनाशिका बुडवली, आणि स्वतःची एकही बोट गमावली नाही. या बोटींचा प्रमुख फ्रान्झ कोहलाउफ होता, एवढेच तिथे म्हटले होते. लहान बोटींनी एवढी मोठी युद्धनौका बुडवली तरी कशी? हे कौशल्य होते की निव्वळ नशीब? आणि या अधिकाऱ्याचे पुढे काय झाले?

उत्तर : फ्रान्झ कोहलाउफ हा जर्मन नौदलात कोर्व्हेटनकापिटेन, म्हणजे साधारणपणे लेफ्टनंट कमांडरच्या तोडीच्या हुद्द्यावर होता आणि 1943 मध्ये चौथ्या टॉर्पेडोबोट तुकडीचे नेतृत्व त्याच्याकडे होते. फ्रान्सचा पश्चिम आणि उत्तर किनारा तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. ब्रेस्ट, सेंट मालो, शेरबुर्ग या बंदरांमधून ये-जा करणाऱ्या जर्मन जहाजांना संरक्षण देणे, सुरुंग पेरणाऱ्या बोटींना आडोसा देणे आणि अडचण आल्यास ब्रिटिश विनाशिकांना तोंड देणे, हे या तुकडीचे नेहमीचे काम होते. दिवसा वरून विमानांचा धोका असल्याने बहुतेक हालचाल रात्रीच चाले, त्यामुळे कोहलाउफच्या लढायाही जवळपास सगळ्या काळोखातल्याच आहेत.

‘लहान बोटी’ या शब्दांनी मात्र थोडी फसगत होते. कोहलाउफच्या बोटी एल्बिंग येथील शिखाउ गोदीत बांधलेल्या 1939 च्या आराखड्याच्या होत्या. टी-22 ते टी-36 अशा एकूण पंधरा बोटी या आराखड्यानुसार बांधल्या गेल्या. प्रत्येकीचे वजन सुमारे तेराशे टन, तीवर 10.5 सेंटीमीटरच्या चार तोफा आणि टॉर्पेडो सोडण्याच्या सहा नळ्या होत्या, आणि दोनशेच्या आसपास खलाशी काम करत. आकाराने त्या इंग्रजांच्या हंट वर्गातील लहान विनाशिकांच्या जवळ जातात. जर्मनांच्या ज्या वेगवान मोटरबोटी इंग्लिश खाडीत धुमाकूळ घालत होत्या आणि ज्यांना इंग्रज ‘ई-बोट’ म्हणत, त्या वेगळ्या. त्या शंभर टनांच्या आसपासच्या होत्या. कोहलाउफच्या हाताखाली होत्या त्या खोल समुद्रात जाऊ शकणाऱ्या पूर्ण युद्धनौका, फक्त तोफांच्या बाबतीत हलक्या आणि टॉर्पेडोंच्या बाबतीत भरभक्कम. पुढे घडलेल्या सगळ्या गोष्टींचे मूळ या असमतोलात आहे.

आता त्या रात्रीकडे येऊ. ‘म्युन्स्टरलँड’ हे जर्मन मालवाहू जहाज जपानहून नाकेबंदी चुकवून फ्रान्समध्ये पोहोचले होते आणि त्यावर रबराचा चीक व युद्धसामग्रीसाठी लागणारे धातू होते. ऑक्टोबर 1943 मध्ये ते ब्रेस्टहून खाडीच्या वाटेने पूर्वेकडे नेण्याचे ठरले. जहाजाच्या भोवती सुरुंग काढणाऱ्या आणि गस्तीच्या बोटींचे कडे होते आणि समुद्राच्या बाजूला, थोड्या अंतरावर, टी-23 या आघाडीच्या बोटीसह कोहलाउफच्या पाच टॉर्पेडोबोटी चालल्या होत्या.

इंग्रजांना या प्रवासाची कुणकुण होती. अशा वेळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथ या नाविक तळावरून ‘टनेल’ या सांकेतिक नावाची मोहीम काढण्याचा त्यांचा रिवाज होता : हाताशी असतील ती जहाजे एकत्र करायची, रात्री फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याजवळ जायचे आणि किनाऱ्याला समांतर झाडाझडती घेत जायचे. या मोहिमेचे वेळापत्रक आणि मार्ग जवळजवळ ठरून गेलेले होते, आणि जर्मनांना ते पाठ झाले होते. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, 3 आणि 4 ऑक्टोबरच्या रात्री, याच तुकडीशी झालेल्या चकमकीत ‘ग्रेनव्हिल’ आणि ‘अल्स्टर’ या ब्रिटिश विनाशिकांना मार बसला होता. तरीही 22 ऑक्टोबरच्या संध्याकाळी प्लिमथहून निघालेली मोहीम त्याच धाटणीची होती. फरक इतकाच की या वेळी ताकद वाढवण्यासाठी सोबत कॅरिब्डिस ही क्रूझर दिली होती.

माझ्या मते या लढाईचा निकाल समुद्रावर पोहोचण्यापूर्वीच बराचसा ठरला होता. कॅरिब्डिस हे चांगले आणि अनुभवी जहाज होते. ऑगस्ट 1942 मध्ये माल्टाला रसद पोहोचवणाऱ्या ‘पेडेस्टल’ मोहिमेत ती होती आणि भूमध्य समुद्रात तिने बरेच काही पाहिले होते. पण तिच्या तोफा मुख्यतः विमानांविरुद्धच्या होत्या आणि किनाऱ्यालगतच्या काळोखातील चकमकी हा तिचा प्रांत नव्हता. तिच्यासोबत ‘ग्रेनव्हिल’ आणि ‘रॉकेट’ या दोन मोठ्या विनाशिका आणि ‘लिम्बर्न’, ‘वेन्स्लीडेल’, ‘टॅलिबॉन्ट’ व ‘स्टीव्हनस्टोन’ या हंट वर्गाच्या चार विनाशिका होत्या. या सात जहाजांचा एकत्र सराव झालेला नव्हता. त्यांचे वेग वेगळे, वळण्याच्या पद्धती वेगळ्या, आणि क्रूझरवरील कॅप्टन व्होल्कर यांना या विनाशिकांच्या कप्तानांची सवय नव्हती, ना कप्तानांना त्यांची. याउलट कोहलाउफच्या पाच बोटी एकाच आराखड्याच्या होत्या आणि महिनोन्महिने एकत्र फिरत होत्या. आघाडीची बोट वळली की मागच्या बोटींनी काय करायचे, हे सांगावे लागत नव्हते.

मध्यरात्रीनंतर दोन्ही बाजूंना एकमेकांची चाहूल लागू लागली. किनाऱ्यावरील जर्मन रडारने ब्रिटिश जहाजांची खबर दिली होती. लिम्बर्नवर जर्मन भाषा जाणणारी माणसे जर्मन बोटींमधील रेडिओ संभाषण ऐकत होती आणि पुढे काही लहान युद्धनौका आहेत हे त्यांच्या लक्षात आले होते, पण ही माहिती उपयोगी पडेल अशा रीतीने कॅरिब्डिसपर्यंत पोहोचली नाही. कॅरिब्डिसच्या रडारवर साधारण दीडच्या सुमारास ठिपके उमटले, पण ती खबर मागच्या सगळ्या जहाजांना वेळेत कळली नाही. एका जहाजाला एक गोष्ट माहीत, दुसऱ्याला दुसरी, आणि ती जोडण्याची सवय कोणालाच नाही, अशी ही स्थिती होती.

पावणेदोनच्या सुमारास क्षितिजाच्या किंचित उजळ पट्टीवर कोहलाउफला कॅरिब्डिसची काळी आकृती दिसली. अंतर सुमारे दोन किलोमीटर होते. त्या क्षणी त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. तोफा डागल्या असत्या तर पहिल्याच फैरीच्या उजेडात त्याच्या पाचही बोटी उघड्या पडल्या असत्या, आणि क्रूझर व सहा विनाशिकांपुढे त्यांचा टिकाव लागला नसता. त्याने तोफा गप्प ठेवल्या, तुकडीला शत्रूपासून दूर वळवले आणि वळता वळता टॉर्पेडो सोडण्याचा हुकूम दिला. टॉर्पेडो सोडताना तोफेसारखा लखलखाट होत नाही. त्या काळचा जर्मन टॉर्पेडो सर्वाधिक वेगावर ताशी 44 सागरी मैल धावत असे, म्हणजे दोन किलोमीटर कापायला त्याला जेमतेम दीड मिनिट लागते. शत्रूने पाहावे, ओळखावे, हुकूम द्यावा आणि साडेपाच हजार टनांच्या आसपासचे जहाज वळवावे, यासाठी दीड मिनिट पुरत नाही.

कॅरिब्डिसने प्रकाशगोळे उडवले, पण तोवर टॉर्पेडो पाण्यात होते. पहिला टॉर्पेडो तिच्या डाव्या बाजूला लागला. ती मंदावली, कलली, आणि काही मिनिटांतच दुसरा लागला. मागून येणाऱ्या विनाशिकांमध्ये पुरता गोंधळ उडाला. लिम्बर्नलाही टॉर्पेडो लागून तिचा पुढचा भाग उडाला. तिला ओढून नेण्याचा प्रयत्न फसल्यावर इंग्रजांना ती स्वतःच बुडवावी लागली. उरलेल्या जहाजांचे नेतृत्व ग्रेनव्हिलकडे आले आणि आणखी टॉर्पेडो येतील या भीतीने ती आधी दूर गेली, मग बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी परतली. तोपर्यंत थंड पाण्यात आणि तेलाच्या तवंगात कित्येक जण गेले होते. कॅरिब्डिसवरील साडेचारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत कॅप्टन व्होल्करही होते. वाचले ते 107. लिम्बर्नवरील 42 जण गेले. कोहलाउफने मागे वळून आणखी शिकार शोधली नाही. त्याचे काम म्युन्स्टरलँड सांभाळण्याचे होते आणि ते जहाज सुखरूप पुढे गेले. हे भान मला त्या टॉर्पेडोंच्या नेमाइतकेच मोलाचे वाटते. 29 ऑक्टोबर रोजी त्याला नाइट्स क्रॉस हा सन्मान देण्यात आला.

तेव्हा नशीब किती, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : क्षितिजाची उजळ पट्टी योग्य बाजूला होती, हे नशीब. त्या उजेडाचा उपयोग करून घेणारी तुकडी तयार होती, हे नशीब नव्हे. आणि इंग्रजांची तुकडी तशी तयार नव्हती, हा तर प्लिमथच्या कार्यालयांत बसून घेतलेल्या निर्णयांचा परिणाम होता.

प्रश्न : कॅरिब्डिसवरील मृतांपैकी काहींचे अंत्यसंस्कार जर्मनांनीच केले असे ऐकले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि ही हकिकत सांगण्यासारखी आहे. लढाईनंतरच्या आठवड्यांत कॅरिब्डिस आणि लिम्बर्नवरील खलाशांचे मृतदेह वाहत जाऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावर आणि खाडीतील बेटांवर लागले. गर्न्सी हे ब्रिटिश राजमुकुटाखालील बेट 1940 पासून जर्मनांच्या ताब्यात होते. तिथे लागलेल्या 21 जणांना 17 नोव्हेंबर 1943 रोजी सेंट पीटर पोर्ट येथील दफनभूमीत पुरण्यात आले. जर्मन सैनिकांनी बंदुकांच्या फैरी झाडून लष्करी मानवंदना दिली. पण त्या दिवशी बेटावरील सुमारे पाच हजार माणसे तिथे जमली आणि त्यांनी नऊशेच्या आसपास पुष्पचक्रे वाहिली. साडेतीन वर्षे ज्यांना आपले निशाणही फडकवता येत नव्हते, त्यांनी अनोळखी खलाशांच्या निमित्ताने आपली निष्ठा उघडपणे दाखवली. जर्मन अधिकाऱ्यांना ते नेमके कळले आणि पुढे अशा दफनविधींना नागरिकांनी येण्यास मनाई करण्यात आली. गर्न्सीमध्ये या खलाशांचे स्मरण आजही दरवर्षी केले जाते.

प्रश्न : एवढ्या विजयानंतर या तुकडीला इंग्लिश खाडीत वर्चस्व का मिळवता आले नाही? कोहलाउफचा शेवट कसा झाला?

उत्तर : कारण हरलेल्यांनी धडा घेतला, आणि जिंकलेल्यांकडे गमावलेली बोट भरून काढण्याची सोय नव्हती.

पहिला मोठा फटका दोन महिन्यांतच बसला, आणि तोही इंग्लिश खाडीच्या बाहेर, बिस्केच्या उपसागरात. डिसेंबर 1943 च्या अखेरीस ‘आल्स्टरउफर’ हे नाकेबंदी चुकवून येणारे जहाज सुरक्षित आणण्यासाठी जर्मन विनाशिका आणि चौथ्या तुकडीच्या टॉर्पेडोबोटी बाहेर पडल्या. ज्या जहाजासाठी हा खटाटोप होता, ते 27 डिसेंबरलाच विमानहल्ल्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी, भर दिवसा आणि खवळलेल्या समुद्रात, ‘ग्लासगो’ आणि ‘एंटरप्राइज’ या दोन ब्रिटिश क्रूझर्सनी या ताफ्याला गाठले. जर्मन जहाजांची संख्या कितीतरी जास्त होती, पण दोन्ही क्रूझर्सच्या सहा इंची तोफा लांबून मारा करू शकत होत्या, आणि उसळत्या लाटांवर हेलकावणाऱ्या टॉर्पेडोबोटींना नेम धरणे कठीण होते. टी-25, टी-26 आणि ‘झेड-27’ ही विनाशिका बुडाली. विनाशिकांच्या तुकडीचा प्रमुख एर्डमेंगर झेड-27 सोबत गेला. पाण्यातील माणसांपैकी 168 जणांना ‘केरलोग’ या छोट्याशा आयरिश मालवाहू जहाजाने बाहेर काढले. लिस्बनहून संत्री घेऊन निघालेल्या तटस्थ देशाच्या या जहाजाने आपल्या जागेच्या कितीतरी पलीकडे माणसे भरून घेतली आणि आयर्लंडमधील कोव्ह बंदर गाठले.

काळोख आणि किनारा हे कोहलाउफच्या तुकडीचे खरे बळ होते. मोकळ्या समुद्रात, दिवसाच्या उजेडात आणि तोफांच्या लढाईत ते बळ उरत नव्हते.

दुसरीकडे प्लिमथमध्ये जानेवारी 1944 पासून दहावी विनाशिका तुकडी उभी राहिली. मिळतील ती जहाजे गोळा करण्याची पद्धत मोडून ‘ट्रायबल’ वर्गाच्या मोठ्या विनाशिका कायमच्या एकत्र ठेवल्या गेल्या. त्यांत ‘हैदा’, ‘अथाबास्कन’ आणि ‘ह्युरॉन’ या कॅनडाच्या होत्या. रडारवर दिसलेली गोष्ट लगेच सगळ्यांना कळवायची, समोरून टॉर्पेडो येतील हे गृहीत धरून वळायचे आणि तोफांचा मारा तुटू द्यायचा नाही, हे त्यांनी रात्रीमागून रात्री घोटले. ज्या गुणावर कोहलाउफ ऑक्टोबरमध्ये जिंकला होता, तोच गुण आता समोरच्या बाजूला गेला होता, आणि त्यांच्या तोफाही मोठ्या होत्या. ट्रायबल विनाशिकांच्या मुख्य तोफेचा गोळा साडेबावीस किलोंच्या आसपास, तर जर्मन बोटींचा पंधरा किलोंचा.

25 आणि 26 एप्रिल 1944 च्या दरम्यानच्या रात्री कोहलाउफ टी-29 वर होता आणि सोबत टी-24 व टी-27 होत्या. सेंट मालोहून बाहेर पडल्यानंतर ‘ब्लॅक प्रिन्स’ ही क्रूझर आणि ‘अशान्टी’, ‘अथाबास्कन’, ‘हैदा’ व ‘ह्युरॉन’ या विनाशिकांनी त्यांना गाठले. या वेळी क्रूझरने जवळ येण्याची चूक केली नाही; ती मागे राहून प्रकाशगोळे टाकत राहिली आणि त्या उजेडात विनाशिकांनी मारा केला. टी-24 आणि टी-27 मार खाऊनही निसटल्या. टी-29 मात्र थांबली, पेटली आणि दीर्घकाळ झुंजून बुडाली. कोहलाउफ आणि तीवरील शंभराहून अधिक खलाशी तिच्यासोबत गेले. ज्या पाण्यात त्याने सहा महिन्यांपूर्वी कॅरिब्डिस बुडवली होती, त्यापासून ही जागा फार दूर नव्हती.

त्याची तुकडी तरीही इतक्यात संपली नाही. या लढाईनंतर अशान्टी आणि ह्युरॉनची आपसांतच टक्कर झाल्याने 29 एप्रिलच्या पहाटे हैदा आणि अथाबास्कन या दोघीच गस्तीवर होत्या. त्यांना टी-24 आणि टी-27 पुन्हा भेटल्या. टी-24 ने सोडलेल्या टॉर्पेडोने अथाबास्कन बुडाली आणि तिचा कप्तान जॉन स्टब्ज यांच्यासह 128 जण गेले. हॅरी डीवुल्फ यांच्या हैदाने टी-27 ला किनाऱ्यावरील खडकांवर चढेपर्यंत सोडले नाही आणि मग माघारी येऊन, किनारा जवळ असतानाही, थांबून पाण्यातील काही जणांना उचलले. टॉर्पेडो योग्य क्षणी सोडला तर काय होते, हे टी-24 ने प्रमुख गेल्यानंतर तीनच दिवसांनी दाखवले. पण बाजी आता पालटलेली होती. टी-24 ऑगस्ट 1944 मध्ये विमानहल्ल्यात बुडाली.

प्रश्न : अशा अधिकाऱ्याचे कौतुक करणे योग्य आहे का? तो शेवटी नाझी राजवटीसाठीच लढत होता.

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून या माणसाविषयी लिहू नये, असे मला वाटते. म्युन्स्टरलँडवरील चीक आणि धातू ज्या कारखान्यांकडे चालले होते, ते एका आक्रमक आणि खुनी राजवटीची शस्त्रे घडवत होते. ते जहाज सुखरूप नेणे म्हणजे त्या राजवटीचे युद्ध लांबवणे होते, आणि नाइट्स क्रॉस हा सन्मानही त्याच राजवटीचा. कोहलाउफचे डावपेच नौदलाच्या इतिहासात अभ्यासले जावेत, कारण ते खरोखर नीट आखलेले होते. पण त्याच्याविषयी लिहिताना कॅरिब्डिसवरील साडेचारशे माणसे आणि गर्न्सीतील पाच हजार माणसे हीदेखील त्याच पानावर यायला हवीत. म्युन्स्टरलँडचे सांगायचे तर, जानेवारी 1944 मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीतून पूर्वेकडे जाताना ते फ्रान्सच्या किनाऱ्यालगत रुतले आणि पलीकडून डागलेल्या ब्रिटिश तोफांनी त्याचा निकाल लावला.

प्रश्न : या पंधरा बोटींपैकी युद्धानंतर किती उरल्या?

उत्तर : चार. टी-22, टी-30 आणि टी-32 या तिघी 18 ऑगस्ट 1944 रोजी फिनलंडच्या आखातात सुरुंगांवर गेल्या, आणि ते सुरुंग जर्मनांनी स्वतःच पेरलेले होते. टी-36 ने जानेवारी 1945 मध्ये ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’ हे निर्वासितांनी भरलेले जहाज बुडाल्यावर पाचशेहून अधिक माणसे वाचवली. मे 1945 मध्ये तीही गेली. कोहलाउफची आघाडीची बोट टी-23 आणि 6 जून 1944 रोजी, दोस्तांचे सैन्य नॉर्मंडीत उतरले त्या पहाटे, ल हाव्रहून निघून त्यांच्या आरमारावर टॉर्पेडो सोडणारी टी-28 या दोन्ही वाचल्या आणि पुढे फ्रेंच नौदलाकडे गेल्या. टी-33 सोव्हिएत रशियाच्या वाट्याला आली आणि टी-35 अमेरिकेमार्फत फ्रान्सकडे.